सहा कुंड्या आणि काळी माती

सेलूच्या जिनिंगमध्ये मुंजाजी आठ वर्षं कापूस उपसायला होता. धूळ छातीत बसली, खोकून खोकून माणूस अर्धा झाला, तेव्हा मॅनेजर व्यंकटरावांनी त्याला बंगल्याच्या बागेवर घेतलं. खोकला गेला आणि मुंजाजी अंगानं भरला, बोलण्यानंही. "आपल्या काळ्या मातीत काठी रोवा, तिला बी शेंगा लागतील," हे तो रोज कुणाला तरी ऐकवी. मी कचेरीत आवक-जावक लिहायला होतो. बहुतेक वेळा मलाच.

फसली १३५५, म्हणजे १९४६च्या उन्हाळ्यात व्यंकटरावांच्या पत्नी पार्वतीबाई हैदराबादेहून माहेरून परतल्या. आईनं जपलेल्या ऑर्किडच्या सहा कुंड्या त्यांनी रेल्वेनं आणल्या आणि आल्या दिवशीच त्या तापानं पडल्या. मुंजाजीनं कुंड्यांत पाहिलं तर विटांचे तुकडे नि कोळसे. माती चिमूटभर नाही! हमालांनी माती सांडून स्टेशनवरचा कचरा भरला, असं त्यानं ठरवलं. आजारी बाईंना त्रास नको म्हणून बंगल्यात कुणाला न सांगता स्वतःच्या शेतातली काळी माती आणली, शेणखत कालवलं, कुंड्या काठोकाठ भरल्या. दोन वेळा पाणी.

श्रावण लागला तशी खालची पानं पिवळी पडली. त्यानं आणखी खत घातलं. मग वरचीही पिवळी झाली.

व्यंकटरावांनी एकदा पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "बाई उठून बागेत येतील तेव्हा ही मेलेली दिसली, तर हैदराबादेहून माळी बोलावतो. तू परत कापसात."

मुंजाजीला ऐकूनच ढास लागली.

दुपारी त्याची बायको चतुराबाई भाकरी घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं कुंड्यांकडं पाहिलं.

"अवो, पानी कधी घातलं हिला?"

"परवा. भ्यालोय म्हनून हात लावला न्हाई."

"उचला बरं."

"धोंड्यावानी जड हाय की गं!"

"मंग दोन दिसांचं पानी आत बसून काय करायलंय?"

कुंडी पालथी केली. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. एकच मूळ काठावरून बाहेर लोंबत होतं. ते जाड, पांढरं, टोकाला हिरवं. चतुराबाईनं ते बोटावर घेतलं.

"आंब्याच्या फांदीवर रास्ना अस्ती, तिचं अस्संच मूळ. माझा बाप औशिदाला काढायचा. वाऱ्यावर जगनारी ती, अन् तुमी तिला पेवात पुरली!"

"मंग त्या विटा, कोळसे..."

"तेच तिचं अंथरून."

विटा तुळशीभोवती लावलेल्या सापडल्या. कोळशांचं विचारल्यावर चतुराबाई पदर सावरायला लागली. "चुलीत घातले. तुमीच म्हनलात, कचरा हाय."

लोहाराकडून कोळसे आणले. तापवलेल्या सुरीनं कुजकी मुळं छाटली, कापल्या जागी हळद लावली, झाडं दिवसभर सावलीत सुकवली. कुंड्यांची भोकं मोठी केली. विटा-कोळशात झाडं बसवून कडुलिंबाच्या विरळ सावलीत ठेवली. पाण्याचा नियम चतुराबाईचा: मूळ पांढरं दिसलं तर पाणी, हिरवं असेल तर थांबायचं. मुंजाजी मुळांकडं बघत तासन् तास उकिडवा बसे.

भादव्यात पार्वतीबाई काठी टेकत बागेत आल्या. व्यंकटराव मागं होते. मुंजाजीनं आधीच हात जोडले.

"पाच राहिल्या, बाईसाब. सहावी माझ्या मातीनं खाल्ली." आणि त्यानं सगळं सांगितलं, चुलीसकट.

बाई वाकल्या. पाचही झाडांना नवी, हिरव्या टोकांची मुळं आली होती. एका झाडाचं मात्र खालचं पान पिवळं होतं. मुंजाजी घाबरून म्हणाला, "ते बी चाललं की!"

"अरे, ते म्हातारं पान. सगळ्यांत खालचं एकटंच पिकलं तर ते वयानं. त्याला औषध नाही." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "हैदराबादचा माळी नको. तो नव्यानं चुका करील. ह्याच्या करून झाल्यात."

मुंजाजी बागेतच राहिला, पण मातीची बढाई बंद झाली. पुढच्या साली नव्या यंत्राची खोकी आली, गवत भरलेली. गवत फेकायला सांगितलं तर तो मला म्हणाला, "आधी सायबाची चिठ्ठी आना. कचरा हाय म्हनून लिहून."

मी आणली. मगच त्यानं गवत फेकलं.