वरची मूठ

कामोठे गावाच्या तोंडाशी महादेवचं किराणा दुकान आहे. बापाची भातशेती नव्या शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उठली आणि तळमजल्यावर हे दुकान. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला आमचे सेक्टर. गावातल्या बाया सुटा माल घेतात, आम्ही सेक्टरवाले पाकिटं. मी मात्र तांदूळ सुटाच घेत आले, आणि त्याला कारण दुकानात माल मोजून देणारी शशिकला.

उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. शशिकला बोलायला गोड वगैरे अजिबात नाही. सुट्ट्या मिळायला हव्यात म्हणून दोनदा महादेवशी भांडलेली आहे, आणि गिऱ्हाइकाने पोत्यात हात घातला तर सरळ मनगट धरते. पण वजन झालं, काट्यावर आकडा पुरा आला, की ती पोत्यातून आणखी एक मूठ उचलायची आणि पिशवीत टाकायची. उरणकडची ती, बाप मिठागरात राबणारा. तिकडे मिठाचं माप शीग लावल्याशिवाय, काठावर ढीग चढवल्याशिवाय, पुरं धरत नसत म्हणे. ती सवय लग्न होऊन इकडे आली तरी सुटली नाही, आणि महादेवचा बाप होता तोवर त्यानेही कधी हटकलं नाही. मुठीभर तांदळाने कुणाचं घर भरत नाही हो. पण पिशवी हातात घेताना बरं वाटायचं, हे खरं.

गावात तर तिच्या हाताला बरकत आहे असंच मानत. लग्नघरी हळदीच्या आदल्या दिवशी जेवणाचे तांदूळ मोजायचे असतात. ज्या बाईच्या हाताला बरकत तिला बोलावतात, म्हणजे पंगतीला अन्न कमी पडत नाही. कित्येक वर्षं हा मान शशिकलाचा. बाहेरून नांदायला आलेल्या, रिक्षावाल्याच्या बायकोला गावात याहून मोठं काय मिळणार?

मग किमान वेतन वाढलं. महादेवच्या हिशेबनिसाने नवा आकडा सांगितला आणि महादेवने तो दिला. कुरकुरत दिला, पण दिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पनवेलच्या बाजारात हमालीही वाढली होती, म्हणजे पोतं दुकानात येईतोच महाग पडायला लागलं. आता भाव वाढवावा, तर हायवेकडच्या मोठ्या मार्टात रोज काही ना काही ऑफर. गिऱ्हाईक फळ्यावरचा भाव वाचतं आणि पाय मागे घेतं. म्हणून महादेवने भलतीच शक्कल काढली. भाव तोच ठेवला आणि मूठ बंद केली. वर शशिकलाला बजावलं, की हे कुणी सांगितलं ते गिऱ्हाइकाला बोलायचं नाही.

महादेवला वाटलं, एका मुठीचं काय, कुणाच्या लक्षात येतंय! चार दिवसांत अख्ख्या गावाच्या लक्षात आलं.

सगळ्यात आधी बोलली गंगाबाई. ही गावातली जुनी बाई, जीभ अशी की समोरच्याने आधीच मान खाली घालावी. तिने पिशवी हातात तोलून पाहिली आणि भर दुकानात म्हणाली, "पगार वाढला नि हात आखडला गो तुजा." शशिकलाने पिशवीचं तोंड बांधलं आणि पुढच्या बाईला काय हवं ते विचारलं.

बोलणं तिथेच थांबलं असतं तर ठीक. पण गंगाबाईच्या नातीचं, समृद्धीचं लग्न तोंडावर आलं होतं. गावात बोलणं सुरू झालं की तांदूळ मोजायला यंदा दुसरी कुणी बघावी लागणार, आखडत्या हाताने मोजलेलं अन्न पंगतीला पुरत नाही. हे शशिकलाच्या कानावर आलं. मूठ कुणी बंद केली ते मला तिच्या नवऱ्याकडून कळलं होतं, मला राहवेना. मी तिला म्हटलं, की सांगून टाक ना सरळ, मालकाचा हुकूम आहे म्हणून. ती डाळ पाखडत होती, थांबली नाही. म्हणाली, ज्याचं खाते त्याचं नाव चारचौघांत कसं घेऊ, आणि पगार तर माझाच वाढलाय, ते काय खोटं आहे? मला तिचा राग आला. इतकी भांडखोर बाई, आणि नेमकी इथे तोंड शिवून बसली! पण रात्री ती जेवत नाही असं तिचा नवरा देवेश मला रिक्षात सांगत होता, तेव्हा राग गेला आणि वाईटच वाटलं.

शशिकलाही महिन्याचा किराणा त्याच दुकानातून भरते. वाढलेल्या पगारातला बराचसा तिथेच परत जातो. त्या संध्याकाळी मी साबण घ्यायला गेले होते आणि गंगाबाई दारातल्या स्टुलावर गुडघे चोळत बसली होती. शशिकलाने स्वतःसाठी तांदूळ घेतले. आकडा जरा वर गेला. तिने चिमटीने दाणे उचलले, पोत्यात परत टाकले, पुन्हा आकडा पाहिला, पुन्हा दोन दाणे उचलले. महादेव गल्ल्यावर फोनवर बोलत होता, त्याचं लक्षही नव्हतं.

गंगाबाईने गुडघे चोळायचं सोडलं. स्वतःच्या पिशवीतही दाणा जास्त न घेणारी बाई दुसऱ्याची मूठ आपणहून मारणार नाही, हे तिने ओळखलं असावं. मग उठून गल्ल्यापाशी गेली.

"भाव वाढवाचा हाय तं वाढव रे महादेवा," ती म्हणाली. "पोरीचा हात कशाला बांधलास?"

महादेवने फोन ठेवला. मार्टाचं, हमालीचं, पगाराचं सगळं रडगाणं गायलं. गंगाबाईने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, की महाग झालं तर आम्ही तोंडावर शिव्या देऊ, पण हे गुपचूप कमी करणं नाय चालायचं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तांदळाचा भाव वाढलेला दिसला आणि पिशवीत मूठ परत आली. आमच्या सोसायटीतले दोघेतिघे मार्टाकडे वळले, ते अजून तिकडेच आहेत. मीही कुरकुरले, कबूल करते. गंगाबाईने तर कबूल केल्याप्रमाणे महादेवला यथेच्छ शिव्या घातल्या आणि लग्नाची तांदळाची पोती त्याच्याकडूनच उचलली.

तांदूळ मोजायचं बोलावणं शशिकलालाच आलं. मीही गेले होते. मांडवात बाया गोल करून बसलेल्या, मध्ये पोती आणि पितळेची पायली. शशिकलाने पहिली पायली भरली, हाताने सपाट केली आणि उचलायला लागली. दुकानात मूठ परत सुरू झाली होती, तरी मधल्या दिवसांची सवय हातातून गेली नव्हती. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गंगाबाईने वाकून पायलीच्या काठावर हात ठेवला.

"मूठ राहिली गो."

शशिकलाने पोत्यात हात घातला, मूठ भरून वर टाकली आणि इतके दिवस गप्प राहिलेली ती बाई सगळ्यांसमोर हमसून रडायला लागली. गंगाबाईने पदराने तिचं तोंड पुसलं.

"बस झालं," ती म्हणाली. "तांदूल भिजतील."