यमुनाबाईंनी मागितलेला फेटा

तीन आठवड्यांपूर्वी पेठ वडगावच्या आमच्या शाळेत, माझा आठवीचा तास चालू असताना पोस्टकार्ड आले... यमुनाबाई गेल्या. संध्याकाळी एका परिचितांनी सहज विचारले, "नर्सच होत्या ना?" होत्या. नर्सच होत्या. म्हणूनच हे लिहितो आहे.

स्वातंत्र्यानंतरचे दुसरे-तिसरे वर्ष असेल. मी कोल्हापूरला कॉलेजात होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. गुऱ्हाळाकडे निघालेली उसाची गाडी बांधावर कलंडली आणि मी तिच्याखाली सापडलो. बाहेर जखम दिसेना. मुरगळलेले हातपाय बसवणारे तालमीतले वस्ताद धावत आले आणि "सांधा निसटलाय" म्हणून त्यांनी माझे दोन्ही पाय ओढले. ओढले मायेनेच. पण कोल्हापूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत मी पांढराफटक पडलो होतो.

वॉर्डच्या सिस्टर यमुनाबाईंनी नाडी पाहिली आणि त्या कडाडल्या, "ओढला कुणी ह्याला? कमरेखालचं हाडाचं कडं फुटलंय. रगात आतल्या आत सांडतंय. आता कुणी हलवायचं न्हाय!" मग त्यांनी माझ्या वडिलांपुढे हात पसरला. "फेटा द्या."

आप्पा मागे सरले. आमच्याकडे बापाने मुलाच्या उशाशी फेटा उतरवायचा, तो मुलगा गेल्यावरच. "पोरगं अजून जित्तं हाय, बाई. फेटा कसा काढू?"

"जित्तं ऱ्हावं म्हणूनच मागतेय की! का डोकं झाकून सरणावर घालताय त्येला?"

आणि त्यांनी तो काढूनच घेतला. माझे गुडघे एकमेकांशी बांधले. फेट्याची रुंद पट्टी करून, मला न उचलता, हलकेच खालून सरकवली. आप्पा ती कमरेवर आवळू लागले तशा खेकसल्या, "वर न्हवं, खाली! मांडीच्या मुळाशी हाड हाताला लागतंय न्हवं, तिथं." दोघांनी दोन्हीकडून सारखे ओढून गाठ मारली. नवे डॉक्टर दारातून म्हणाले, "सिस्टर, हे इस्पितळ आहे की तालीम?"

"तुम्ही रक्ताचं बघा, साहेब. गाठ मी सोडणार न्हाय."

डॉक्टर रक्ताच्या तयारीला लागले. आप्पांचे जुळले. रक्त दिले की माणूस कायमचा खचतो, असे मानणारे माझे आप्पा बोडक्या डोक्याने बाकावर आडवे झाले. मी वाचलो. आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो. निकालाचे पेढे द्यायला इस्पितळात गेलो, तेव्हा बाईंनी धुऊन ठेवलेला तो फेटा परत देऊ केला, तर आप्पा म्हणाले, "त्यो आता तुमचा." वॉर्डच्या कपाटात तो घडी करून ठेवलेला असे.

परवा आप्पा आणि मी त्या वॉर्डात गेलो. नुकत्याच आलेल्या तरुण सिस्टरने कपाट आवरायला काढले होते. "हे जुनं कापड घरी नेता का?" तिने विचारले.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "तुला बांधता येतंय का?"

तिने नकारार्थी मान हलवली. आप्पांनी डोक्यावरचा फेटा आपल्या हाताने उतरवला, उशाशी ठेवला आणि बाकावर आडवे झाले.

"मग घे ते कापड आणि बांध मला. वर न्हवं, पोरी... खाली."