मामांची स्वच्छ प्लेट

पाटणहून तार आली तेव्हा मी सांगलीच्या दवाखान्यातल्या डार्करूममध्ये होतो. शिपायानं दाराबाहेरूनच वाचून दाखवली, मामा गेले. एक्स-रेची प्लेट नुकतीच डेव्हलपरमध्ये टाकली होती, दार उघडलं असतं तर खराब झाली असती. ती निघेपर्यंत मी अंधारात तसाच उभा राहिलो...

मामा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, गावी ऊस करायचे. लघवीच्या त्रासासाठी ऑपरेशन झालं आणि प्रोस्टेटची गाठ कॅन्सरची निघाली. कंबर दुखायची, म्हणून रोग हाडांत उतरलाय का ते बघायला माझ्याकडेच पाठवलं. ओली प्लेट दिव्यासमोर धरली आणि डॉक्टरांनी बघायच्या आधीच मी बोलून बसलो, "मामा, हाडं स्वच्छ आहेत." आम्हा एक्स-रे काढणाऱ्यांना ती मुभा नसते, पण घरचं माणूस म्हटलं की जीभ सुटते. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "प्लेटमध्ये काही नाही. पण हाड बरंच पोखरल्याशिवाय प्लेटवर दिसत नाही. मुंबईला हाडांचं स्कॅन निघालंय, ते करून घ्यायला सांगा." बाहेर आलो तर मामा शिपायाला पेढे देत होते. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या खेपेला सांगू म्हणत चार महिने गेले. मामा गावात येईल त्याला ती प्लेट उन्हात धरून दाखवायचे आणि उसाच्या मोळ्या उचलायचे.

पाय उचलेनासे झाले तेव्हा मुंबईला नेलं. शिरेत औषध टोचून काही तास बसवलं, मग यंत्रानं सगळ्या हाडांचं चित्र काढलं. मणके, बरगड्या, खुबा... जिथंतिथं काळे ठिपके. शेजारी त्याच दिवशीचा साधा एक्स-रे लावला होता, त्यात फक्त एका मणक्याला डाग. मामांनी नकाशावरून फिरवावं तसं दोन्हींवरून बोट फिरवलं.

"दुश्मनाच्या एवढ्या चौक्या बसल्या, आन् तुला एक बी दिसली न्हाई व्हय रं?"

रागावले नव्हते, खरंच विचारत होते. मग मी सगळं सांगून टाकलं. "तवाच सांगायचं हुतं, गड्या," एवढंच म्हणाले. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी बरे झाले नसते, फार तर पाय वाचले असते. पहिलं अर्धं ऐकून मला हायसं वाटलं, त्याची अजून लाज वाटते.

परवा गावी गेलो. प्लेट सोप्याच्या खिडकीला अडकवलेली आहे. मुंबईचं चित्र मामीनं ट्रंकेत तळाला घातलंय. भेटायला आलेल्या शेजारणीला ती सांगत होती, "हाडाला काय बी झालं न्हवतं बाई. भाच्यानं सोता काढलीया ही." मग माझ्याकडं वळली, "व्हय न्हवं रं?"

मी व्हय म्हणालो.