दोन साक्षीदार

कालवण खारट झालं म्हणून नवऱ्याने मला एका दमात तीनदा तलाक दिला. सकाळी तो पस्तावला आणि मला घेऊन कल्याणच्या काझींकडे गेला. आम्ही सुन्नी. काझी म्हणाले, "तीनदा म्हणालास ना? मग संपलं."

माहेरी जायचं म्हणून माझी भांडी बांधायला घरी आले. शेजारच्या बाईंना मी खाला, म्हणजे मावशी म्हणायचे; ती शिया होती. ती म्हणाली, "अगं, आमच्यात असला तलाक लागत नाही. दोन नेक साक्षीदार लागतात. कुराणातच आहे."

मी परत काझींकडे जाऊन विचारलं.

"कुराणातली ती आयत, ते वचन आमचंही तेच," ते म्हणाले. "साक्षीदार असलेले बरे, नसले तरी तलाक होतो, असा अर्थ आमच्या इमामांनी लावला. शिया त्यांच्या इमामांचं ऐकतात."

"मग खरं कुणाचं?"

"तू आमच्यातली आहेस, बेटी."

खालाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे भिंतीच्या माझ्या बाजूला तू अजून त्याची बायको."

मला हसू आलं नाही, रडूही नाही. भांड्यांचं गाठोडं उचललं. नवरा दारात रडत उभा होता. मी पदर तोंडावर ओढून त्याच्या शेजारून बाहेर पडले. आता तो परका पुरुष होता.