माफी मागून मोडलेली मान

बँकॉकच्या थोंगलो भागातल्या एका क्लबात पुरुषांच्या मुतारीत उभं राहून प्रायूनचे केस पांढरे झाले. गिऱ्हाईक भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की हा मागून यायचा, मानेवर गरम टॉवेल टाकायचा, खांदे दाबायचा आणि शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडायचा. कुणी करायला सांगितलेलं नसायचं. पण तिथल्या शौकिनांना त्याची सवयच लागलेली. हात धुता धुता ते नोट काढून देत. थाई लोकांत परक्याच्या डोक्याला हात लावणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून प्रायून आधी हात जोडून माफी मागे. माफी मागितली की आपण सुटलो, अशी त्याची भाबडी समजूत होती.

परवा त्याने तोन नावाच्या पोराची मान मोडली. आवाज नेहमीसारखाच आला. पोरगा हसत बेसिनपाशी गेला आणि म्हणाला, "काका, डावा हात जड झालाय." दोस्तांनी त्याला धरून बाहेर नेलं. आज कळलं, तो इस्पितळात आहे आणि त्याचं डावं अंग हलत नाही.

क्लब उघडायला अजून अवकाश होता. मॅनेजर विचियनने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"बाप येतोय त्याचा. ऐक दादा, पोरगा प्यायलेला होता, फरशी ओली होती, पाय घसरला. बस्स."

"पण तो पडला नव्हता."

"मग आता पडला. फार खरं बोलायची हौस आली असेल तर तुरुंगात जाऊन बोल."

प्रायून ते वाक्य घोकत राहिला. पाय घसरला, पाय घसरला. पण दर वेळी पोराचा तो हात डोळ्यांपुढे यायचा. असल्या भीतीत माणूस स्वतःच्या हातांनाही भितो. त्याने ते खिशात कोंबून ठेवले.

बाप आला तो एकटाच. थावतसाहेब. क्लबातलं जुनं गिऱ्हाईक, प्रायूनने त्यांची मान कितीदा मोडली असेल. ते मुतारीत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"डॉक्टर विचारतायत नेमकं काय केलं. माझ्यावर करून दाखव."

दारात विचियन खाकरला. प्रायूनने हात जोडले, माफी मागितली, हनुवटी धरली. कातडीखाली नाडी उडताना लागली. इतक्या माना मोडल्या, पण त्या नाडीकडे त्याचं लक्ष कधी गेलंच नव्हतं. त्याच्याच्याने मान वळवेना.

"मोड ना," साहेब म्हणाले.

"मला येत नाही, साहेब." तो मटकन खाली बसला. "माझ्याआधी इथे काम करणाऱ्या म्हाताऱ्याचं बघून करत आलो. कुणी शिकवलं नाही. पोरगा घसरला नव्हता. मीच केलं."

विचियन शिवी हासडून निघून गेला. थावतसाहेब वळले नाहीत. मान तशीच वाकवून भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "पोरगा नको म्हणत होता. घाबरत होता. मीच म्हटलं, भित्र्या, त्या काकांकडून मोडून घे, काही होत नाही."