मधल्या वर्षांचं जेवण

ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत, अगदी समोर, रेल्वेतून रिटायर झालेले एक काका एकटे राहतात. टीव्हीवर कुठल्याही देशातल्या लढ्याचा माहितीपट लागला की ते दार उघडं ठेवतात, आणि मी जाऊन बसते. माझ्याशी ते मराठीत बोलतात, पडद्यावरच्या मोर्चेकऱ्यांशी मात्र हिंदीत. खुर्चीच्या कडेवर येऊन त्यांना सांगतात, "डटे रहो भई, पीछे मत हटना." शेवटी विजयाची मिरवणूक निघाली की कुरकुरतात, "बघ, मधली सगळी वर्षं एका गाण्यात उरकली. तेव्हा ही माणसं जेवत काय होती, ते कोणी दाखवत नाही."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यंदा संख्याशास्त्रात नापास झाले. फेरपरीक्षाही गेली तर कॉलेज सोडायचं, असं घरी ठरलं. मग मी काकांकडे जाणं थांबवलं आणि खिडकीत अभ्यासाला बसू लागले.

एका दुपारी काका झाकलेली वाटी घेऊन दारात आले. "पिठलं आहे. गुठळ्या झाल्यात, पण गरम आहे."

मी संकोचून म्हटलं, "काका, आत्ता कशाला? पास झाले तर पेढे आणा."

"पेढे तेव्हा सगळेच आणतील," असं म्हणून ते गेले.

मी गुठळ्यांसकट पिठलं संपवलं आणि पुस्तक उघडलं. समोरून आवाज आला, "डटे रहो भई."

मी खिडकीतून पाहिलं. त्यांचा टीव्ही बंद होता.