पाठ केलेली आवड

शेजारची सई दहावीत आहे. काल ती गॅलरीत येरझाऱ्या घालत इंग्रजी कवितेचं रसग्रहण पाठ करत होती. शेवटचा मुद्दा होता, ‘मला ही कविता का आवडली’. सरांनी तो फळ्यावर लिहून दिला होता आणि अख्ख्या वर्गाने आपली आवड म्हणून उतरवून घेतला होता.

“तुला खरंच आवडली का गं?” मी विचारलं.

“छे! पण तसं लिहिलं तर सर मार्क कापतात.”

माझं डोकंच फिरलं. कविता न आवडण्यापासूनही वाचन सुरू होतं. या मास्तरांनी तेवढीही जागा ठेवली नाही. पोरांना खोटं बोलायला शिकवतात, तेही शुद्ध इंग्रजीत!

तेवढ्यात सईने वही माझ्या हातात दिली.

“काका, मला ही कविता का आवडली ते म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा हं.”